आप्पांच्या ट्रॉल्या आणि अर्ध्या पानाचा निबंध

मी राहते शिरूरला आणि मराठी शिकवते दौंड तालुक्यातल्या एका गावात. आमच्या शाळेचं मैदान उत्तम मुरमाचं आहे आणि हीच त्याची अडचण. उसाचा हंगाम संपला की गावातल्या आप्पांच्या पाच ट्रॉल्या तिथं येऊन पडायच्या, त्या दिवाळीनंतरच हलायच्या. आप्पा शाळा समितीवर. त्यामुळे कुणी बोलत नसे.

त्या वर्षी दहावीच्या मुलींचा खो-खोचा संघ तालुक्याला जायचा होता. कॅप्टनचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष, आणि सरावाला जागा नाही. ट्रॉल्या अशा विस्कटून लावलेल्या, की पळणारी मुलगी हमखास एखादीच्या दांडीला अडखळायची.

मी वर्गाला सांगितलं, आप्पांना पटेल असा निबंध लिहा. चांगला असेल तो समितीच्या बैठकीत वाचू.

कॅप्टननं दोन पानं लिहून आणली. सुरुवात ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ अशी. पटवून द्यायचं म्हटलं की आमची मुलं थेट वक्तृत्व स्पर्धेत उभी राहतात. पुढं खेळ म्हणजे अमृत, मग सुदृढ शरीर, मग देशाचं भवितव्य. ट्रॉलीचा पत्ता नाही.

“हे ऐकून आप्पा काय करतील?”

“टाळ्या वाजवतील, मॅडम.”

“आणि ट्रॉल्या?”

“त्या पण वाजवतील,” तिची मैत्रीण मागून म्हणाली. वर्ग खदखदून हसला. कॅप्टननं वळून तिच्याकडं असं पाहिलं की पुढचा सराव तिला महागात पडणार हे कळलं.

मी म्हटलं, आधी आप्पांचं म्हणणं लिहा, त्यांच्याच शब्दांत. ते मात्र फाडफाड आलं. रानात चाकं रुतत्यात. घराम्होरं ट्रॅक्टर वळत न्हाई. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, मुलींनाही ते कबूल होतं. मग ट्रॉल्या न्या असं म्हणण्यात अर्थ नव्हता. मुलींनी पावलांनी मैदान मोजलं. पाचही ट्रॉल्या भिंतीकडेला एका रांगेत लावल्या, तर खो-खोचं मैदान आरामात बसत होतं. कॅप्टनचा नवा निबंध अर्ध्या पानाचा झाला. मला तो फार आवडला, पण तसं मी तिला सांगितलं नाही. अजून बैठक व्हायची होती.

बैठकीत तिनं तो न अडखळता वाचला. आप्पांनी चष्मा काढला.

“समदं खरं, पोरी. पण एका रांगंत लावल्यावर कोपऱ्यातली पयली कशी काढायची? मधी चार आडव्या!”

हा प्रश्न आमच्या कागदावर नव्हता. कॅप्टननं कागद मिटला.

“आप्पा, दिवाळीपर्यंत तुम्ही एक तरी काढता व्हय? चाकांतनं गवत आलंय. तिसऱ्या ट्रॉलीखाली टिटवीनं अंडी घातली होती.”

समितीतल्या बाकीच्यांना हसू आवरेना. आप्पांनी आधी रागानं सगळ्यांकडं पाहिलं, मग तेही हसायला लागले.

“मॅडम, तुम्ही शिकवलं का हे?”

“टिटवीचं नाही,” मी म्हटलं.

रविवारी आप्पा स्वतः ट्रॅक्टर घेऊन आले. अख्खा संघ मागं उभा राहून ओरडत होता, “अजून मागं, आप्पा! अजून!” चार ट्रॉल्या सरळ लागल्या. पाचवी हातभर बाहेर राहिली.

“ऱ्हाऊ द्या आता,” आप्पा म्हणाले.

कॅप्टननं रेषा आखायच्या फक्कीची पिशवी खाली ठेवली. “का राहू द्या ते सांगा, आप्पा.”

आप्पांनी पुन्हा ट्रॅक्टर सुरू केला.