भातासारखंच समजा

गमबूट चिखलात रुतले नाहीत, तेव्हाच काहीतरी बिघडल्याचं कळलं. धसईजवळच्या हिरामावशींच्या त्या शेतात दिवाळीनंतरही घोटाभर पाणी हवं होतं. मी मोजणीच्या बांबूकडे धावलो. त्यावरची लाल खूण म्हणजे पाण्याची कमीत कमी पातळी. इथं पाणीच नव्हतं. माती भेगाळायला लागली होती.

मी कल्याणच्या एका छोट्या कंपनीत फील्ड ऑफिसर. आम्ही पाणकणीस लावतो. तळ्याकाठी उगवणारं, लांब पात्यांचं, तपकिरी कणसाचं ते गवत. पात्यांच्या आत हवेचे कप्पे असतात. पाती वाळवून, दाबून बोर्ड करायचे. भिंतीला लावले की खोली कमी तापते. या गवताला चिबड जमीन लागते, म्हणजे पाणी धरून बसणारी. मावशींच्या सासऱ्यांनी चर खणून ही जमीन कोरडी केली होती. तरी भात धड येईना, उलट पालापाचोळ्याची काळी माती खचत चालली. आम्ही चर बुजवला, पाणी पुन्हा साठवलं, जूनमध्ये पाणकणसाचे गड्डे, म्हणजे जमिनीखालचे जाड कंद, लावले. गड्डे सुकले, तर पुढच्या वर्षी फुटवा नाही.

मावशी बांधावर उभ्या होत्या.

"मावशी, पाणी कुठं गेलं?"

"सोडलं. आठ दिस झाले बांध फोडून," त्या खुशीत म्हणाल्या. "कणसं तांबडी झाली नाय का? आता पाणी ठेवून काय करायचं?"

"अहो, पण कोणी सांगितलं?"

"तुमीच. भातासारखंच समजा, बोल्लात ना मिटिंगला."

बोललो होतो. हे गवत पीक असू शकतं यावर कोणाचा विश्वासच बसेना, म्हणून मोठ्या ऐटीत बोललो होतो. आणि भात पिकलं की पाणी सोडायचं, हे इथं शेंबडं पोरही जाणतं. मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

गड्ड्यांचं सांगितल्यावर मावशींचा चेहरा उतरला. "मंग मेलं का सगलं? दीर टपलेलेच हायत. मुरूम टाकून प्लॉट पाडायचे बोलतात. एक वरीस द्या, बोलून मी थांबवलंय त्यांना."

शुक्रवारी आमच्या कंपनीच्या मॅडम हे शेत बघायला येणार होत्या. पुढच्या वर्षी ते ठेवायचं की नाही, हे त्याच ठरवणार. मी फोन लावला.

"मॅडम, पाणी गेलं."

"लीकेज?"

"नाही. बांध मावशींनी फोडला. पण सांगणं माझंच चुकलं."

"मग शुक्रवारपर्यंत भर," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

भर म्हणे! पाऊस संपलेला. मी बांधावर नुसता येरझाऱ्या घालत होतो. मावशींनी मात्र पदर खोचला. "वरच्या ओहोळाला अजून धार हाय. पाट काढू." पाड्यावरच्या चार बायका आल्या. दगड, पेंढा, चिखल घालून त्यांनी ओहोळ अडवला, पाट शेतात वळवला, फोडलेला बांध लिंपला. मीही खोरं मारलं, तळहाताला फोड आले.

पाणी आलं, पण बोट-बोट चढत होतं. मी दर अर्ध्या तासाला बांबू बघायचो. बुधवारी मावशी वैतागल्या. "सायेब, बघून बघून पाणी चढत नाय. बसा, चाय घ्या." चहा घेतला. कप हातात धरूनच पुन्हा बांबूकडे गेलो.

शुक्रवारी पाणी लाल खुणेच्या दोन बोटं खाली होतं. मॅडमनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ पाण्यात उतरल्या आणि एक गड्डा उपटला. त्याला पांढराशुभ्र कोंब होता, म्हणजे गड्डा जिवंत होता. मावशींनी हातच जोडले. बांधाकडच्या उंचवट्यावरचे गड्डे मात्र काळे पडले होते, ते गेलेच.

"बाकीचं शेत पुढच्या वर्षी ठेवू," मॅडम म्हणाल्या. दिरांनी मुरूम टाकायचं तेवढ्यापुरतं थांबवलं.

आता मी मिटिंगला कागद लिहून नेतो. पाणी कधी ठेवायचं, कधी नाही, सगळं त्यात असतं. परवा बोलायला उभा राहिलो, सवयीने तोंडातून निघालं, "हे पीक म्हणजे..." आणि मागून मावशींचा आवाज आला.

"सायेब, जपून बोला हां. आमी ऐकतो तुमचं."