वाटी खाली ठिव

“वाटी खाली ठिव. हातात धरू नको.”

मी वाटी जमिनीवर ठेवली. आप्पांनी उभ्यानंच तांब्यातून काढा ओतला. अर्धा वाटीत पडला, अर्धा माझ्या पायांवर उडाला. ओसरीवर बसलेल्यांना त्यांनी घरातल्या पितळी फुलपात्रातून दिला होता. हातात. आम्हाला निरोप आधीच होता. भांडं घरून आणायचं आणि गोठ्याच्या बाजूला बसायचं.

ती स्टीलची वाटी माझ्या बक्षिसाची. दहावी झाले तेव्हा वस्तीनं विहारात सत्कार केला होता. काठावर माझं नाव कोरलेलं. आमच्या वस्तीत दहावी झालेली मी पहिली मुलगी.

“ताई, त्यांना फुलपात्र आन् आपल्याला धबधबा,” सुजू हळूच म्हणाली आणि हसली. सुजू माझी धाकटी बहीण. नऊ वर्षांची. तिला रक्ताचा कॅन्सर होता.

नव्वदच्या दशकाची अखेर. आम्ही तळेगाव ढमढेऱ्याचे. बाबा शिक्रापूरला एका कारखान्यात हेल्पर. आई लोकांच्या भाजीत खुरपायला जायची. मी शिरूरच्या कॉलेजात, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी.

पुण्याच्या दवाखान्यात सुजूला महिनाभर सुया झाल्या. केस गेले, पण ताप उतरला, अंगावरचे निळे डाग गेले. घरी सोडायच्या दिवशी बाबांनी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, “साहेब, आता फुडं काय करायचं?”

त्यांनी मानही वर केली नाही. “सगळं लिहिलंय. तुम्हाला सांगून कळणार आहे का?”

बाबांनी फाइल माझ्याकडे दिली. “आमची ताई वाचती की,” म्हणाले. केवढ्या अभिमानानं.

घरी मी फाइल उघडली. वस्ती दाराशी जमलेली. रिपोर्टात लिहिलं होतं, रक्तात कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत. खाली पुढच्या तारखांची लांबलचक यादी. त्या तारखा कशाच्या, ते मला नीट कळलं नाही. तरी मी सांगितलं, “आजार गेला. ह्या तारखा नुसत्या तपासणीच्या.” आईनं साखर वाटली. कुणी मला उलटून विचारलं नाही. ताईनं वाचलंय म्हणजे झालं. आणि मला कळलं नाही, हे कबूल करण्याची माझी हिंमत झाली नाही. इतक्या कौतुकानंतर.

त्याच आठवड्यात कारखान्यातल्या कुणीतरी बाबांना आप्पांचं नाव सांगितलं. दौंडच्या पुढं नदीकाठी त्यांचा मळा. सहा गुरुवार काढा घ्यायचा, आजार मुळापासून जातो. अट एकच. सुई बंद. सुई टोचली की काढ्याचा गुण जातो. आजार तर गेलाच आहे, असं मीच सांगितलेलं. मग सुई कशाला? दवाखान्याच्या तारखा एकेक करून चुकल्या.

तिसऱ्या गुरुवारी सुजूच्या पोटरीवर निळा डाग दिसला. आप्पा म्हणाले, “आजार कातडीवाटं निघतोय. चांगलं हाय.” आई मान डोलावत राहिली. तो डाग मी ओळखत होते. पण बोलू काय? बोलायचं तर माझं पहिलं वाक्य खोटं ठरत होतं. मी गप्प बसले. पुढचे सात दिवस गप्प बसले. ते सात दिवस मला आजही सोडत नाहीत.

चौथा गुरुवार. आप्पा बाबांना म्हणाले, “तुझ्या बानं घरातलं देव नदीत सोडलं व्हतं ना? त्येचं हाय हे. देवाचं टाक बसवा घरात. आन् भितीवरची ती तसबीर उतरवा. मंग गुण यील.”

आजोबांनी धम्म घेतला तेव्हा देव सोडले होते. आमच्या भिंतीवर एकच तसबीर. कुणाची, ते सांगायला नको. तिच्यापुढं दिवा लावल्याशिवाय बाबा कामाला जात नसत.

“व्हय आप्पा,” बाबा म्हणाले. मान खाली.

मी पुढं झाले तसे आप्पा हसले. “ही कालेजात जाती म्हणं. मंग आमच्या दारात कशाला आली?”

ओसरीवरची माणसंही हसली. तेवढ्यात सुजूनं वाटी खाली ठेवली. काठावर, माझ्या नावावरच, रक्त लागलेलं. तिच्या हिरड्यांतून येत होतं. आजाराची सुरुवात अशीच झाली होती.

मी वाटी उचलली.

“ठिव ती खाली!” बाबा ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर.

मी ठेवली नाही. उरलेला काढा आप्पांच्या अंगणात ओतला. मी म्हणाले, “बाबा, मला फाइल कळली न्हवती. मी खोटं बोलले. आजार गेला न्हाई.”

आईनं सुजूला कडेवर घेतलं. “चला. जीप मिळंल अजून.”

पुण्याला तेच डॉक्टर. शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले, “ही माणसं अशीच. मध्येच सोडून जातात.” बाबा उठायला लागले. मी त्यांचा हात धरला. मी खुर्चीवर बसूनच होते.

“सर, मला कळलं नव्हतं. आता मराठीत सांगा. एकेक तारीख कशाची ते. कळेपर्यंत मी उठणार नाही.”

मागची रांग कुरकुरली. त्यांनी घड्याळ बघितलं. मग सांगितलं. पेशी दिसत नाहीत म्हणजे संपल्या असं नसतं. लपलेल्या मारायला दोन-अडीच वर्षं औषध लागतं. त्या तारखा त्याच्या होत्या. आता आजार परतला होता आणि औषधाला पूर्वीसारखी दाद देणार नव्हता.

सांगायला दहा मिनिटं लागली. दहाच.

सुजू सात महिने जगली.

मी पदवी घेतली. वस्तीच्या आणि बाबांच्या कष्टावर घेतली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या दहा मिनिटांची माफी मी कुणाला देणार नाही. डॉक्टरांना नाही, आप्पांना नाही, मलाही नाही.

आता कुठल्याही टेबलापुढं बसले, की कळलं नाही तर मोठ्यानं सांगते, मला कळलं नाही. पुन्हा सांगा. समोरचा घड्याळ बघतो. बघू दे.

मी उठत नाही.