दोन घास भाताची कबुली

कोरियातल्या देगू शहराच्या बाजारात मालसूनबाई मांडू, म्हणजे सारण भरलेल्या वाफवलेल्या करंज्या, विकायच्या, पण गल्लीत त्यांना मान होता तो सुईमुळे. कुणाचं अन्न पोटात अडकलं की त्या अंगठ्याला दोरा आवळत, नखापाशी टोचत, काळपट रक्ताचा थेंब काढत. माणूस ढेकर देऊन घरी जाई. डॉक्टरला हे जमायचं नाही, असं त्या न विचारताच सांगत.

सहा वर्षांच्या नातीचं, सोयुलचं, तिरळेपणाचं ऑपरेशन झालं तेव्हाही सुई पिशवीत होतीच. ऑपरेशन नीट झालं. पण भूल उतरली आणि पोर ओकायला लागली. एकदा, दोनदा, मग नुसतंच पिवळं पाणी. मालसूनबाई पुढे सरसावल्या. त्यांनी सुई काढली.

सुनेनं, हेराननं, त्यांचा हात धरला. "नको ना आई. सलाइन लागलंय तिला."

"मग दुसरा हात आहे की! अन्न अडकलंय पोरीचं. उपाशी ठेवा म्हणाले होते ना? काय कोंबलंस तिच्या तोंडात?"

"काही नाही, आई."

"काही नाही? मग काय हवा ओकतेय? एक पोर सांभाळता येत नाही तुला!"

सगळा वॉर्ड बघायला लागला. आजीचा आवाज चढला तशी डोळ्याला पट्टी बांधलेली सोयुल रडायला लागली. हेराननं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "हो, आई. सकाळी दोन घास भात दिला. माझंच चुकलं."

"बघा! मी म्हणतच होते."

शेजारच्या खाटेपाशी उभी असलेली नर्स गर्रकन वळली. "भुलीआधी भात दिलात? अहो, जीवावर बेतलं असतं! डॉक्टरांना सांगायला हवं."

"नाही हो!" हेरान घाईनं उठली. "पाण्याचा थेंबसुद्धा दिला नाही. आई गप्प व्हाव्यात म्हणून म्हणाले. पोर घाबरत होती."

नर्सनं सुस्कारा सोडला. "डोळ्याचे स्नायू ओढले जातात, वर भूल. या ऑपरेशननंतर पुष्कळ मुलं ओकतात. कुणाचीच चूक नाही. इंजेक्शन देते. आणि आजी, ती सुई आत ठेवा."

मालसूनबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वॉर्डासमोर पाणउतारा झाला, ते एक होतंच. पण सून किती सहज म्हणाली होती, माझंच चुकलं! याच आवाजात. किमचीचं लोणचं जास्त आंबलं तेव्हा, मुलाची नोकरी गेली तेव्हा, मुलगी झाली तेव्हासुद्धा. दर वेळी मालसूनबाई जिंकल्या होत्या आणि खूश होऊन जेवल्या होत्या.

"सूनबाई," त्या म्हणाल्या. त्यांनी सुई पिशवीत टाकली.

"आई, ते भांडं धरता का?" हेरान एवढंच म्हणाली. सोयुल पुन्हा ओकली.

भांडं घेऊन त्या नळावर गेल्या. तिथे दुसऱ्या वॉर्डातली एक बाई कौतुकानं म्हणाली, "नातीचं ओकलेलं स्वतः धुताय! अशी सासू मिळायला सुनेचं नशीब लागतं हो."

नाही म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "तेच तर सांगते मी तिला."

भांडं केव्हाच स्वच्छ झालं होतं. त्या घासत राहिल्या. वॉर्डात परत जायला त्यांना तोंड नव्हतं.