आईच्या पोटावरची गाठ

गेल्या बुद्धपौर्णिमेला, बार्शीटाकळीच्या विहारात वंदना आटोपून खीर वाटायला सुरुवात झाली तेव्हा, माझ्या आईवर अन्याय झाला. सगळ्यांदेखत आत्यानं तिच्या पुढ्यातली वाटी उचलली.

"वयनी, घरी चोरून खाता ते पुरत नाई काय तुमाले?"

आईनं खिरीला बोटही लावलं नव्हतं. अंगणवाडीतल्या पोरांना एका हाकेत गप्प करणारी बाई स्वतःच गप्प उठून घरी गेली.

एकट्या आत्याला काय बोलू? ज्या डॉक्टरांकडे आम्ही जायचो, तेही तसेच. आईला मधुमेह; ती दोन्ही वेळा इन्सुलिन टोचून घेई, अर्ध्या भाकरीवर उठे, तरी साखर चढलेलीच. डॉक्टर रिपोर्ट पाहत, डोस वाढवत आणि वर सुनावत, "तोंडावर ताबा ठेवा." खुर्चीतून न उठता! बाईनं सांगितलं की मी खात नाही, तर ते खोटंच असणार, हे यांना कोणत्या कॉलेजात शिकवतात?

मी अमरावतीला राहते, पत्रकं लिहिते, मोर्च्यात घोषणा देते. आईला मी इकडे आणलं, मधुमेह आणि हार्मोनच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे. जाताना भांडणाची पूर्ण तयारी केली होती. भांडायची वेळच आली नाही.

बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "काकू, सुई कुठं टोचता? दाखवा बरं."

आईनं पदर सरकवला. "इथंच. इथं दुखत नाई."

"रोज इथंच?"

"रोज. दुसरी जागा काहून बिघडवू?"

बाई उठल्या. तळहात चोळून गरम केले, बेंबीच्या डाव्या बाजूला दाबून पाहिलं. मग माझा हात धरून तिथं ठेवला. कातडीखाली रबरासारखा गोळा लागला. एकाच जागी टोचून टोचून चरबी साचली होती. तिथं सुई दुखत नव्हती, पण तिथून औषधही धड रक्तात उतरत नव्हतं.

"काकू, साखर तुमच्या खाण्यानं चढत नव्हती."

"हे माह्या नणंदेले सांगा," आई म्हणाली.

मी तिथूनच आत्याला फोन लावून स्पीकर सुरू केला. बाईंनी सगळं समजावलं. तिकडून आत्या उसळली, "मंग काय आमी चढवली साखर?"

"तुम्ही नाही चढवली," बाई म्हणाल्या, "पण त्यांचं खरं मानायला हवं होतं."

आत्याचा आवाज खाली आला. मग, "वयनीले द्या." आईनं फोन कानाला लावला, आत्या काय बोलली मला ऐकू आलं नाही. आई एवढंच म्हणाली, "झालं ते झालं, बाई. जेवल्या काय?"

नव्या जागी औषध पुरतं लागू पडणार, म्हणून बाईंनी डोस कमी करून दिला, जागा बदलत टोचायला शिकवलं, दर वेळी नवी सुई घ्यायला सांगितलं. साखर हळूहळू उतरली. आई आता पंगतीत बसते. मला रागावणं चांगलं जमतं, आभार मानणं नाही. तरी मानते. माझ्या आईचा शब्द त्या बाईंनी खरा मानला.

आता तुम्ही. तुमच्या घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, तर आजच त्यांना विचारा, सुई कुठं टोचता. तिथं हात लावून बघा. गाठ लागली तर डोस आपल्या मनानं बदलू नका, त्यांना याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या, आणि डॉक्टर खुर्चीतून उठून ती गाठ तपासत नाहीत तोवर तिथून हलू नका.