कढईकडे पाठ करून

तेलगावला एसटीतून उतरलो तेव्हा माझी फुशारकी माझ्याआधीच गावात पोहोचली होती. बळीराम, माझा पुण्यातला जुना सहकारी, त्याने भावकीला सांगून ठेवलं होतं की मालवणचा माणूस येतोय, आज मासे तोच तळणार. मीही फोनवर 'तुम्हाला मासळीतलं काय कळतंय' असं भरपूर ऐकवलं होतं.

दुपारी माजलगावच्या धरणावर गेलो. एक होडी नुकतीच काठाला लागत होती. जाळ्यात मोठा कटला होता, अजून शेपटी आपटणारा. तिथेच साफ करून, तुकडे करून घेतला.

बळीरामची माय माळकरी. त्यामुळे मासळी घरात येत नाही. ती आखाड्यावर (शेतातल्या गोठ्यापुढे), वेगळ्या भांड्यात आणि पुरुषांनीच शिजवायची. बळीरामने एका भजीवाल्याची गॅसची भट्टी आणि सिलिंडर आणून ठेवलं होतं. मी आयुष्यभर तव्यावर, चार चमचे तेलात मासे तळलेले. इथे कढईभर तेल. तरी सवयीने रवा लावला आणि ऐटीत तुकडे सोडले. वाऱ्याने जाळ एका बाजूला लोळत होता. रवा सुटून तळाशी काळा झाला, मासा मोडला. खाटेवर बसलेल्या बळीरामच्या पाच चुलतभावांनी माना वळवून शेताकडे बघितलं. ते हसले असते तर बरं वाटलं असतं.

आता अर्धाच मासा उरला होता. माझी अब्रूही तेवढीच.

माय लांब लिंबाखाली आमच्याकडे पाठ करून, नाकाला पदर लावून तूर निवडत बसली होती. तिथूनच म्हणाली, "बळ्या, तेल गार हाय. वाऱ्याला पत्रा लाव." मग मला, "भाऊ, कावून घाई केली? रवा न्हाई टिकत. येसर लावा."

येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ. ते थोड्या बेसनात कालवून तुकड्यांना लावलं. न बघता तुम्हाला कसं कळतं, असं मी विचारलं.

"गावातल्या लग्नांची भजी म्याच तळते. कानानं कळतं."

पत्र्याआड जाळ सरळ झाला. तिने 'सोडा' म्हटल्यावर सोडले. कढई तडतडली. मी झारा उचलला की ती 'थांबा' म्हणायची. तडतड बसत आली तशी म्हणाली, "काढा आता."

लालसर, खरपूस तुकडे निघाले. चुलतभावांनी पहिली परात बघता बघता फस्त केली. थोरल्याने ताट पुन्हा पुढे केलं आणि माझी छाती फुगली. मायने पाठ न वळवता विचारलं, "जमलं का?" मी म्हटलं, लई जमलं. तिचे खांदे हसण्याने हलले.

निघताना तिने येसराची पुडी दिली. आता पुण्यात सुरमई तळतानाही मी गॅसकडे पाठ करतो आणि उलटायची घाई करणाऱ्या बायकोला म्हणतो, थांब, आवाज बसू दे. ती विचारते, हे कुठे शिकलास? आयुष्यात मी तळलेला सगळ्यात चांगला मासा एका माळकरी बाईने तळला, हे मालवणात मात्र अजून कुणाला सांगितलेलं नाही.