जांभळ्या पापण्या

“तंगडं मोडून ठिवीन!” सोनपेठला आमच्या गल्लीची सकाळ शेजारच्या शेळ्यावालीच्या या वाक्यानं व्हायची. शेळ्यांना, कोंबड्यांना, नवऱ्यामागं उरलेल्या सावत्र लेकीला, सगळ्यांना एकच धमकी. हात मात्र तिनं कुणावर उगारलेला मी पाहिला नाही. अशी फटकळ माणसं तुमच्याही शेजारी असतील.

नामांतराच्या दंगलीची धग नुकतीच निवली होती. माणसांचे हात अजून शिवशिवत होते.

त्या वर्षी लेकीच्या पापण्या जांभळ्या पडल्या. बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे उठले. वेणीसाठी हात वर जाईना, खाली बसली की उठवेना. गल्लीनं निकाल लावून टाकला, सावत्र आई मारते. बायकांनी तिला झिंज्या धरून चावडीपर्यंत फरफटत नेलं. मानवतहून पोरीचा मामा आला आणि त्यानं तिच्याच शेळ्या हाकायच्या काठीनं तिचा हात मोडला. मी सरकारी दवाखान्यातली नर्स, मध्ये पडले तर मलाही ढकलून दिलं.

मोडका हात गळ्यात बांधून तिनं पोरीला परभणीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. सोबत मी होते. तो मार नव्हता, रोग होता. क्वचित एखाद्या लेकराला होणारा. रोगाशी लढणारी अंगातली ताकदच कातडीवर आणि स्नायूंवर उलटली आहे, असं मी तिला सोपं करून सांगितलं.

“म्हंजी घरच्यानंच घरच्याला मारायचं,” ती म्हणाली. “कळलं मला.”

गोळ्या लागू पडल्या. पोर आपली आपण उठू लागली, पण त्याच गोळ्यांनी तिचं तोंड सुजलं. मामा पुन्हा आला. “आता इख घालायलीस व्हय?” म्हणत त्यानं आईच्या थोबाडीत मारली आणि पोरीला ओढत एसटीत बसवलं. गोळ्या एकदम थांबवल्या तर जीव जाईल, हे मी घसा फोडून सांगत होते. तो मूर्ख ऐकेल तर ना! ती खिडकीचा गज धरून धावली, गोळ्यांची पुडी आत टाकली. त्यानं पुडी बाहेर भिरकावली आणि तिच्या बोटांवर बुक्की हाणली. ती खडीवर तोंडघशी पडली.

पोर महिन्याभरातच गेली. मातीलाही आईला येऊ दिलं नाही. त्या माणसाचा गळा धरावा असं मला आजही वाटतं.

शेळ्या विकून ती माहेरी निघाली, तेव्हा दवाखान्यात आली. खडीतून उचललेली ती पुडी माझ्यापुढे ठेवली.

“दुसऱ्या कुन्या लेकराला द्या,” ती म्हणाली. “पन आदी त्याच्या मामाला समजावून सांगा.”