सुधाकरनं आज बाजू बदलली

आज सकाळी हर्सूल तलावाजवळच्या आमच्या वाचनकट्ट्यावरून मी मधेच उठून आलो. डोकं अजून शांत नाय, म्हणून तुमच्यापुढं मांडतोय.

उत्क्रांतीवरचं एक पुस्तक सगळ्यांनी वाचलं होतं. विषय होता, माणूस हिंसक का?

माझा जुना दोस्त सुधाकर आजवर एकच सांगत आला, "हिंसा रक्तात नसते, घरात अन् गावात शिकवली जाते." जातीवर बोलताना मी त्याचंच वाक्य वापरायचो.

गेल्या आठवड्यात माझा मावसभाऊ सुधाकरच्या गावात लग्नाला गेला होता. चहाच्या टपरीवर चौघांनी त्याला आधी आडनाव विचारलं, मग मारलं. त्या चौघांत सुधाकरचा सख्खा भाऊ होता.

आणि आज सुधाकर पुस्तक उघडून सगळ्यांसमोर म्हणतो, "चिंपांझी पण टोळी करून मारतात. हे रक्तातच आहे यार, कुणा एकाला काय दोष देणार?"

मी विचारलं, "अन् इतकी वर्षं तू सांगत होतास ते?"

"ते वेगळं होतं," म्हणाला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय.

मावसभावाचे टाके निघतील. माझं काय?

तुम्ही लई वाचता, तुम्हीच सांगा. चिंपांझी मारायच्या आधी आडनाव विचारतो का?